कालपर्यंत दार उघडत नव्हते, यंदा गोष्टी मीच सांगणार: हॅलोविनवर वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की या सदराकडे हॅलोविनची पत्रं यायला लागतात. पूर्वी बहुतेकांचा सूर एकच असायचा, हे आपलं नाही, बंद करा. यंदाची पत्रं वाचताना जाणवलं की लोकांची मतं बदलतायत आणि सगळ्यांची एकाच दिशेने बदलतायत असंही नाही, कोणी विरोध सोडलाय तर कोणाला आवडणारी गोष्ट आता नकोशी झालीय. म्हणून या वेळचं पूर्ण सदर यावरच. पत्रं थोडी लहान केलीयत आणि नावं कोणाचीच देत नाहीये.

ताई नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ६८. आमच्या सोसायटीत काही वर्षांपासून ३१ ऑक्टोबरला मुलं भुताखेताचे ड्रेस घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. मी दारच उघडायची नाही. सुनेलाही सुनावलं होतं, दिवाळीच्या दिवसांत दाराला सांगाडे काय लटकवता म्हणून. २०२४ ला तर नरकचतुर्दशी नेमकी त्याच दिवशी आली, पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडलं, आणि संध्याकाळी त्याच दारात प्लास्टिकची कवटी, मला रडूच आलं. पुढच्या वर्षी दिवाळी आधीच झाली होती. तेव्हा नात म्हणाली, आजी तुझ्या गावची भुतं सांग ना, आमची सगळी टीव्हीतलीच आहेत. मी मूळ मालवणकडची. मग देवचार सांगितला, रात्री वाट चुकवणारा चकवा सांगितला, बिल्डिंगमधली पोरं येऊन हॉलमध्ये जमिनीवर बसली, कोणी हलेना. मला फार छान वाटलं. यंदा सून म्हणते गोष्टी तुम्हीच सांगायच्या. पण जाऊबाई म्हणतात, तुझं काही खरं नाही, काल विरोध आणि आज पुढे पुढे. मी माझं तत्त्व सोडलं का? आणि मुलांना भुतांच्या गोष्टी सांगणं अशुभ तर नाही ना?

काकू, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या करून बघितल्या की तुमचं तुम्हालाच बरंचसं कळेल. पहिली तक्रार, सणाच्या पहाटे जे दार आपण रांगोळीने सजवतो त्याच दारावर संध्याकाळी कवटी नको. ही तक्रार माझ्या मते आजही शंभर टक्के बरोबर आहे आणि ती तुम्ही अजिबात सोडू नका. सोसायटीच्या ग्रुपवर सरळ लिहा की ज्या वर्षी तारखा एकमेकींवर येतील त्या वर्षी मुलांचा कार्यक्रम आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी घ्या. मुलांना ३१ तारखेशी काही देणंघेणं नसतं, त्यांना ड्रेस घालून हुंदडायला मिळालं की झालं.

दुसरी तक्रार, हे परकं आहे. यावर मात्र जरा बोलूया. हे सगळं सुरू झालं आयर्लंड-स्कॉटलंडकडे, तिथल्या जुन्या केल्टिक लोकांचा पीक घरात आल्यावर, थंडी सुरू होताना येणारा सण होता, त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घराकडे येतात असं ते मानायचे आणि मोठ्या शेकोट्या पेटवायचे. पुढे ख्रिस्ती धर्म आला, चर्चने आठव्या-नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस ठरवला आणि नंतर २ नोव्हेंबर सगळ्या मृतात्म्यांचा, त्यामुळे ३१ ची रात्र ही आदली रात्र झाली. इंग्लंडमध्ये मध्ययुगात गरीब लोक दारोदार जायचे, त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायचे आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळायचे. आता मला सांगा काकू, गेलेल्यांच्या नावाने दारी आलेल्याला खाऊ घालणं हे तुम्हाला परकं वाटतं का? पितृपक्षात आपण दुसरं काय करतो, पान वाढतो, कावळ्याला घास ठेवतो, कोणाला तरी जेवायला बोलावतो. अमेरिकेत हे सगळं नेलं ते मुख्यतः आयरिश लोकांनी, १८४५ नंतर आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, बटाट्याचं पीक गेलं आणि लाखो लोक बोटीत बसून निघाले, त्यांच्यासोबत हाही सण गेला. चॉकलेटं, प्लास्टिक, दुकानातले रेडिमेड ड्रेस हे सगळं फार उशिराचं, विसाव्या शतकातलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं तेव्हा तर मुलांचं दारोदार फिरणं जवळजवळ बंदच पडलं होतं.

आणि परकं म्हणाल तर दसऱ्याला दादरच्या फूलबाजारातून आपण जो झेंडू किलोकिलोने आणतो तो मूळचा मेक्सिकोचा आहे, तिथले लोक आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तोच झेंडू आपल्या माणसांच्या थडग्यांवर वाहतात. लिंबू-मिरचीतली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आली, आणि शनिवारी आपल्या दुकानांच्या दारात लिंबू, बिब्बा आणि त्या मिरच्या तारेत ओवून टांगलेल्या असतात तेव्हा कोणी विचारत नाही मिरची कुठली.

वेष घालून घाबरवणं हेही आपल्याकडे आहेच की. तुम्ही मालवणकडच्या, दशावतारी नाटकातला संकासुर तुम्ही लहानपणी पाहिलाच असणार, काळा वेष करून तो आला की पुढे बसलेली पोरं आईच्या मागे लपतात आणि तरी बोटांच्या फटीतून बघत राहतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं नटूनथटून लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, त्यांना खाऊ आणि पैसे मिळतात. भोंडल्याला मुली या घरून त्या घरी जायच्या, गाणी म्हणायच्या आणि खिरापत ओळखायच्या. मुंबईच्या टॉवरमध्ये आज यातलं फारसं उरलेलं नाही, मुलाला समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचं आडनावही माहीत नसतं, आणि अशा वेळी वर्षातून एक संध्याकाळ ते प्रत्येक मजल्यावरची बेल वाजवत फिरतंय, चौदाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजोबांशी दोन शब्द बोलतंय, ही गोष्ट मला खरंच मोलाची वाटते. तुम्ही दार बंद ठेवायचात तेव्हा ती मुलं तुम्हाला ओळखत नव्हती, आता ओळखतात.

अशुभ म्हणाल तर देवचार हा गावाचा राखणदार, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्यात अशुभ काय? वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाचंही सांगा त्यांना, त्याला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात असं मानतात, पोरांचे डोळे एवढे होतील बघा. फक्त एक पथ्य पाळा, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगते. गोष्टीतली हडळ, चेटकीण ही शेजारची विधवा किंवा एकटी राहणारी म्हातारी असते असं कधी सांगू नका, आणि अमक्याला भूत लागलं होतं, मग मांत्रिकाने उतरवलं, असंही नको. आपल्या देशात बायकांना चेटकीण ठरवून खरोखर मारलेलं आहे. २०१३ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या मागे कितीतरी वर्षांचं काम होतं. गोष्ट गोष्टीसारखी सांगा, घाबरायची मजा घेऊ द्या, आणि शेवटी एखादं पोर म्हणालं की आजी हे खरं आहे का, तर सरळ सांगा की नाही रे, गोष्ट आहे.

जाऊबाईंना सांगा की मी दिवाळीचा मान राखूनच हे करतेय. आणि त्यांना गोष्टी ऐकायला बोलवा, त्यांनाही त्यांच्या माहेरची भुतं आठवतील.

ताई, मी २७ वर्षांची, अंधेरीला एका कंपनीत मार्केटिंगला आहे. मला हॅलोविन भयंकर आवडायचं, ऑफिसची पार्टी मीच ऑर्गनाइज करायचे, क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सामान आणायचे, मेकअप करायचे सगळ्यांचा. जुलैमध्ये माझे बाबा गेले. आता एचआरचा मेल आलाय, थीम कब्रस्तान, प्रत्येकाच्या डेस्कवर थर्माकोलचं थडगं आणि त्यावर ज्याचं त्याचं नाव. मेल वाचला आणि पोटात गोळाच आला, वॉशरूममध्ये जाऊन बसले. टीममधले म्हणतात अगं तूच तर दरवर्षी सगळं करायचीस, आता काय झालं. मी ओव्हररिअॅक्ट करतेय का? की मी बदललेय कायमची?

अगं, अजिबात ओव्हररिअॅक्ट करत नाहीयेस. चार महिनेही झाले नाहीत. ज्या माणसाने आत्ताच स्मशानात उभं राहून स्वतःच्या बाबांना निरोप दिलाय तिच्या डेस्कवर तिच्याच नावाचं थडगं ठेवायचं, हे कोणालाही सहन होणार नाही.

आपल्याकडे पहिलं वर्ष सण करत नाहीत ना, ती प्रथा मला फार समजूतदार वाटते. माणूस गेलेल्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही, दिवाळीचा फराळ शेजारचे आणि नातेवाईक आणून देतात आणि कोणी विचारत नाही की तुम्ही कंदील का नाही लावला, कारण सगळ्यांना माहीत असतं. तुला हसायची, नटायची, उत्साह दाखवायची सक्ती नाही हे घरातल्या लोकांनी न सांगताच मान्य केलेलं असतं. ऑफिसला हे माहीत नाही म्हणून तिथे तुला तोंडाने सांगावं लागेल, एवढाच फरक.

जास्त स्पष्टीकरण देत बसू नकोस. मॅनेजरला मेसेज कर, 'बाबांना जाऊन थोडेच महिने झालेत, या वर्षी मी पार्टीत नाहीये, त्या दिवशी घरून काम करेन किंवा सुट्टी घेईन.' बास. आणि जमलं तर एचआरमधल्या कोणाला तरी एकटीला गाठून सांग की थडग्यावर खऱ्या माणसांची नावं नकोत. हे फक्त तुझ्यासाठी नाहीये, शंभर लोकांच्या ऑफिसात या वर्षी आईवडील गेलेली, बाळ गेलेली आणखीही माणसं असतील आणि ती गप्प बसली असतील. एचआरच्या मंडळींनाही माझं सांगणं आहे, वटवाघळं लावा, कोळ्याची जाळी लावा, भोपळे ठेवा, थडगी आणि फासावर लटकलेल्या बाहुल्या सोडून द्या, आणि ड्रेस कंपल्सरी करू नका.

टीममधल्या मैत्रिणी वाईट नाहीयेत, त्यांना आठवतेय ती आधीची तू. त्यांना एकदा सांग, आता काय झालं याचं उत्तर बाबा गेले हेच आहे म्हणून. पुढच्या वर्षी तुला परत रंगांचा डबा काढावासा वाटेल किंवा कधीच वाटणार नाही, दोन्हीही चालेल, ते आज ठरवायची गरज नाही. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघ.

ताई, मी मरोळ गावठाणातला, आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. आमच्या लहानपणी हॅलोविन नव्हतंच. १ तारखेला मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, २ तारखेला सगळे कबरस्तानात, फुलं, मेणबत्त्या, फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडणार. आता माझ्या १० वर्षांच्या मुलाला शाळेत सगळे म्हणतात हा तुझाच सण ना, तुम्ही काय करता सांग. माझी आई चिडते, म्हणते आमच्यात असलं काही नाही. आमच्याकडे मुलांनी त्या दिवशी संतांचे वेष करावेत असं सांगतात. मी आधी आईसारखाच कडक होतो, आता तेवढं वाटत नाही, मित्रांबरोबर गेला तर काय बिघडलं? पण आईला दुखवायचं नाही.

तुमचं पत्र वाचून मला आधी बाकीच्या वाचकांनाच सांगावंसं वाटतं, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक पिढ्यानपिढ्या पाळत आलेत ते १ आणि २ नोव्हेंबर. भोपळे, चेटकिणी, दारोदार चॉकलेटं हे मुंबईत मॉल, शाळा आणि टीव्हीतून आलं, ते तुमच्या गावठाणातून आलेलं नाही. त्यामुळे वर्गातल्या मुलाला पकडून तुझा सण आहे, तू सांग, असं करणं बरोबर नाही, आणि शिक्षकांनी तरी ते थांबवायला हवं.

तुमच्या मुलाला एक साधं उत्तर तयार करून द्या, 'आम्ही २ तारखेला आमच्या आजोबांच्या कबरीवर जातो, मेणबत्ती लावतो, हॅलोविनला मी मित्रांकडे खेळायला जातो.' दोन्ही गोष्टी त्यात आल्या आणि कशाचीच लाज वाटायचं कारण नाही.

आईंचं म्हणाल तर मला वाटतं त्यांना ड्रेसपेक्षा भीती वेगळीच आहे, आपल्यानंतर कबरीवर कोणी येणार नाही, पोरांना फक्त चॉकलेटं आठवतील. म्हणून ३१ तारखेच्या पार्टीबद्दल घरात चर्चा होऊ शकते, २ तारखेबद्दल नाही, तेवढं पक्कं ठेवा. आणि त्या दिवशी मुलाला नुसतं बाजूला उभं करू नका. कबरीवरचं गवत त्याला उपटू द्या, दगड घासायला ब्रश आणि बादली त्याच्या हातात द्या, नाव कोरलंय त्या अक्षरांमधली माती त्यालाच काढू द्या, आणि तेवढ्यात आजीने सांगायचं की हा माणूस कोण होता, काय काम करायचा, कशावर चिडायचा. संतांचा वेष करायची आयडियाही मला आवडली, मुलाला विचारा त्याला कोण व्हायचंय, भाल्याने ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज म्हटलं तर कुठलाही १० वर्षांचा मुलगा तयार होईल.

तुम्ही स्वतः आधी कडक होतात आणि आता नाही, हे आईंना स्पष्ट सांगा, चोरून पाठवू नका. चोरून पाठवलं की पोराला वाटतं आपण काहीतरी वाईट करतोय.

ताई, आमची मुलगी ४ वर्षांची. गेल्या वर्षी सोसायटीत एका दादाने रक्ताळलेला मास्क घालून लिफ्टचं दार उघडल्याबरोबर भॉ केलं, ती इतकी किंचाळली की पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये जाईना, रात्री लाइट चालू ठेवून झोपायची. मला हॅलोविन आवडतं, बायको म्हणते आता कध्धी नाही. गोरेगाव.

या वर्षी बायकोचं ऐका. एवढ्या लहान मुलांना मास्कच्या आत ओळखीचाच दादा आहे हे सांगून कळत नाही, त्यांच्यासाठी चेहराच बदललेला असतो. घरी एखादा साधा, गोड प्राण्याचा मास्क आणा, तिच्यासमोर तुम्ही घाला, काढा, परत घाला, मग तिच्या हातात द्या, तिला तुम्हाला घाबरवू दे. आरशासमोर बसवून गालावर मांजरीच्या मिशा काढा. तिला जायचं असेल तर दुपारी उजेडात, तुमचा हात धरून, दोन-तीन ओळखीच्या घरी, आणि मोठ्या मुलांना आधीच सांगून ठेवा की लिफ्ट आणि जिन्यात कोणी कोणाला घाबरवायचं नाही, जिन्यात तर पडायचीही भीती असते.

आणि सगळ्याच पालकांसाठी, या दिवसांत दारोदार पणत्या असतात आणि हे बाजारातले काळे झगे नायलॉन-पॉलिएस्टरचे, जमिनीवर लोळणारे असतात, ते भसकन पेटतात आणि अंगाला चिकटतात. झगा घोट्याच्या वर कापा, नाहीतर जुन्या सुती चादरीचं भूत करा. ज्या घरात या वर्षी कोणी गेलंय किंवा आजारी माणूस आहे त्यांची बेल वाजवायची नाही, ज्यांना मुलं आलेली चालतात त्यांनी दाराला एक कागदी वटवाघूळ लावायचं, तेवढी खूण पुरे.

ताई, मी गिरगावातली. माझा पूर्वी सगळ्यालाच विरोध होता, आता नातवासाठी बाकी सगळं मान्य केलं, पण तो एवढा मोठा भोपळा कोरून फेकून देतात ते मला बघवत नाही. अन्न आहे ते. काय करावं?

काकू, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर त्यांना मोठे मऊ भोपळे मिळाले म्हणून भोपळा आला. आपला लाल भोपळा त्यापेक्षा टणक, सालीला जाड आणि गराला भरपूर, त्यामुळे तो कोरायला त्रासाचा आणि खायला उत्तम. भाजीवाला सहसा फोड कापूनच देतो, त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, दोनेक किलोचा अख्खा लहान भोपळा ठेव म्हणून. सुरी मोठ्या माणसाने चालवायची, नातवाने पेनने डोळे-दात काढून द्यायचे. त्याच दिवशी कोरा, ऑक्टोबर हीटमध्ये दोन दिवसांत त्याला बुरशी येते, आणि आत मेणबत्तीऐवजी छोटा बॅटरीचा दिवा ठेवा. चमच्याने आतून शक्य तेवढा गर खरवडून घ्या, बिया धुऊन उन्हात वाळवा आणि नंतर भाजून मीठ लावा.

त्या गराचे घारगे करा. गर किसून थोड्या तुपावर परता, गराच्या निम्म्याहून थोडा जास्त गूळ घाला, गूळ विरघळला की गॅस बंद. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची आणि त्यात मावेल तेवढी कणीक, सोबत मूठभर तांदळाचं पीठ खुसखुशीतपणासाठी. पाणी अजिबात घालायचं नाही. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, मग प्लास्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा. तळताना गॅस मध्यमच ठेवा, गुळामुळे बाहेरून पटकन काळे होतात आणि आत कच्चे राहतात. मुलं बेल वाजवत येतील तेव्हा चॉकलेटच्या जोडीला एकेक गरम घारगा द्या, दोन दिवस टिकतात, उरले तर डब्यात घालून शाळेत पाठवा.